प्रवाहांच्या पाळण्यात

मासा जन्मतो एके ठिकाणी आणि वाढतो भलत्याच ठिकाणी, असे समुद्रात पुष्कळदा घडते. युरोपच्या उत्तर समुद्रातील ‘प्लेस’ हा मासा त्याचे उत्तम उदाहरण होय. आपल्या कोकणातील लेपीप्रमाणेच तो चपटा असतो.

ऐन हिवाळ्यात, किनाऱ्यापासून दूर, या माशाच्या माद्या लाखो अंडी सोडतात. ही तरंगती अंडी प्रवाहाबरोबर ईशान्येकडे वाहू लागतात. दोन-तीन आठवड्यांनी त्यांतून डिंभ बाहेर पडतात. त्यांना इतर माशांसारखाच दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पुढे शरीर चपटे होते, डावा डोळा उजव्या बाजूस सरकतो आणि सेंटिमीटरभर लांबीचे पिल्लू तळ गाठते.

तोवर हॉलंडचा किनारा जवळ येतो. पण आतल्या उथळ वाडन समुद्रात शिरावे कसे? भरती लागली की पिल्ले तळ सोडून वर येतात आणि पाण्याबरोबर आत जातात. ओहोटी लागली की तळाशी बसून राहतात. आत त्यांना उबदार पाणी, विपुल अन्न आणि मोठ्या शत्रूंपासून आसरा मिळतो.

प्रवाह भरकटला तर मात्र असंख्य डिंभ वाटेतच नष्ट होतात. माशांचा सुकाळ-दुष्काळ या कोवळ्या वयातच ठरतो, असे प्रतिपादन नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ साली केले. कोळ्याच्या जाळ्यात मासळी पडते, तिचे भवितव्य कित्येक वर्षे आधी वाऱ्यापाण्याने लिहिलेले असते. वारा आणि प्रवाह माणसाच्या हाती नाहीत. किनाऱ्याची ही उथळ पाळणाघरे राखणे मात्र त्याच्या हाती आहे.