जुन्या मोटारीचा चालता खर्च

जुन्या मोटारीची किंमत एकदाच मोजावी लागते. ती चालविण्याचा खर्च मात्र रोजचा असतो. पहिलीच मोटार घेणाऱ्या कुटुंबाची फसगत बहुधा येथेच होते.

वाराणसीतील एखाद्या कुटुंबापुढे दोन जुन्या मोटारी आहेत, असे समजू. पहिली लिटरला 12 किलोमीटर धावते, दुसरी 18. पहिली 40,000 रुपयांनी स्वस्त आहे. वर्षाकाठी 7,200 किलोमीटर प्रवास झाल्यास पहिलीला 600 आणि दुसरीला 400 लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा दर 100 रुपये धरला, तर वर्षाचा फरक 20,000 रुपये होतो. म्हणजे स्वस्ताई दोनच वर्षांत संपते. गोदौलियाच्या गर्दीत वारंवार थांबावे लागत असल्याने इंधन अधिकच जळते.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट येथील जुन्या मराठी वस्तीच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. तेथील रहिवाशाने ती बाहेर ठेवण्याचे भाडेही हिशेबात धरावे. विमा तर कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय नोंदणीला 15 वर्षे झाली की नूतनीकरण आलेच. त्याचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले.

तेव्हा किमतीची घासाघीस करण्यापूर्वी निदान तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडावा. कोणती मोटार खरोखर परवडते, हे तो कागदच सांगेल.