बाजेवरची बाळंतीण आणि पायातली गुठळी

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की काळजी मिटली, असं अलिबाग-मुरूडकडच्या घरांतही मानतात. शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा सर्वाधिक धोका मात्र त्याच दिवसांत असतो. प्रसूतीत रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गरोदरपणी रक्त गोठण्याची शक्ती वाढते. त्यामुळे गुठळीची शक्यता एरवीच्या चार-पाचपट होते आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याहूनही वाढते. हजार गरोदरपणांत असा प्रसंग एक-दोघींवरच येतो, पण जिवावर बेतू शकतो.

आणि नेमकं तेव्हाच आपण तिला सव्वा महिना बाजेवर ठेवतो! शेक-शेगडी, डिंकाचे लाडू खुशाल चालू द्यावेत. पण ‘पाणी प्यायलं की पोट सुटतं’ हे खरं नाही. पाणी तोडल्याने रक्त दाट होतं. मेंदूच्या शिरेतही गुठळी होऊ शकते. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा हात लुळा पडणं ही तिची लक्षणं. ती बाहेरची बाधा नव्हे. सिझर झालेलीनेही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लवकर उठून चालायला हवं.

दोन्ही पाय सुजणं नेहमीचंच. एकच पाय सुजून दुखू लागला तर संशय घ्यावा. बहुधा तो डावा असतो, कारण डाव्या पायाकडून येणारी शीर ओटीपोटात उजव्या धमनीखाली दबते. अशा पायाला तेल लावून चोळू नये. अचानक धाप, छातीत कळ किंवा थुंकीत रक्त दिसलं तर तडक १०८ ला फोन करावा. गुठळी शोधायची पायाची डॉप्लर सोनोग्राफी बाळाला निर्धोक असते.

गुठळीवरच्या उपचारात पोटात टोचायच्या हेपॅरिनला बायका फार घाबरतात. सुई कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते आणि औषध वार ओलांडत नाही. वॉरफरिनची गोळी वार ओलांडून बाळाला अपाय करू शकते, म्हणून ती गरोदरपणात सहसा टाळतात. बाळंतपणानंतर अंगावर पाजतानाही ती चालते. उपचार एकूण किमान 3 महिने आणि बाळंतपणानंतर किमान 6 आठवडे चालतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये.

ही इंजेक्शनं सरसकट सगळ्यांना लागत नाहीत. स्वतःला किंवा आई-बहिणीला पूर्वी गुठळी झाली असेल, तर नाव नोंदवतानाच सांगावं. पावसाळ्यात मुंबईला नेणाऱ्या गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, त्यामुळे अशा बाईने प्रसूती कुठे करायची ते आधीच ठरवलेलं बरं. कळा सुरू झाल्या की पुढचं इंजेक्शन न घेता रुग्णालयात जावं आणि शेवटचं किती वाजता घेतलं ते डॉक्टरांना सांगावं. कमरेतून भूल कधी देता येईल, हे त्यावर ठरतं.