गळका फ्युएल कुलर आणि चुकीचा प्रश्न

संशोधनाचा प्रश्न नीट मांडायचा म्हणजे काय, असं बरेच जण विचारता. यावेळी उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, गाडीच्या पोटाखालचं आहे.

आमच्या लॅबमधल्या एकाने जुनी डिझेल गाडी घेतली. इथे जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या गाडीने असे बरेच हिवाळे काढलेले. महिन्याभरात खाली डिझेलचे थेंब दिसायला लागले. दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी तोंडावर, आणि गळकी गाडी त्यात पास होत नाही. गळत होता फ्युएल कुलर.

हा कुलर म्हणजे काय? कॉमन-रेल इंजिनात पंप डिझेलचा दाब प्रचंड वाढवतो, पण सगळं डिझेल जळत नाही. उरलेलं रिटर्न लाइनमधून टाकीत परत जातं, आणि ते गरम असतं. काही गाड्यांमध्ये या परतीच्या वाटेवर, फ्लोअरच्या खाली, फिन्स असलेला ॲल्युमिनियमचा कुलर बसवलेला असतो. वाऱ्याने डिझेल गार व्हावं म्हणून तो उघड्यावर. त्यामुळे दगड, मीठ, चुकीच्या जागी लावलेला जॅक, सगळं त्यालाच लागतं.

आता किती गरम, ते कागदावर काढा. खरंच काढा, नुसतं वाचू नका. दाब १६०० बार, म्हणजे १.६ × १०⁸ पास्कल. घनता साधारण ८३० किलो प्रति घनमीटर. भागाकार केला की एका किलोमागे सुमारे १९० किलोज्यूल येतात. हे डिझेल काहीही काम न करता पुन्हा कमी दाबावर आलं, तर ती ऊर्जा उष्णता होऊनच राहते. विशिष्ट उष्मा साधारण २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरला, तर तापमान ९० अंशांच्या आसपास वाढतं! ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात रिटर्नमध्ये कमी दाबाचं डिझेलही मिसळतं, शिवाय वाटेत उष्णता बाहेर जाते. तरी कुलर शोभेला नाही, एवढं कळतं.

गॅरेजवाल्याने सोपा उपाय सांगितला: कुलर काढून टाका, मध्ये पाइप जोडा. जोडलाही. वीस मिनिटं गाडी उभ्यानेच चालू ठेवली, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काही गरम होत नाही."

इथे थांबा. त्याने खोटं काहीच सांगितलं नाही. पण उभ्या गाडीत रेलमधला दाब ३०० बारच्या आसपास असतो. वरचंच गणित पुन्हा करा: वाढ येते जेमतेम १८ अंश. म्हणजे ज्या परिस्थितीत कुलरची गरजच पडत नाही, नेमक्या त्याच परिस्थितीत कुलर नको हे सिद्ध केलं गेलं. प्रश्न होता, "लांबच्या प्रवासात, वेगात, टाकी जवळपास रिकामी असताना काय होतं?" टाकी रिकामी का, तर थोडं डिझेल पुन्हा पुन्हा फिरतं आणि लवकर तापतं. भरलेल्या टाकीने चाचणी घेतली तर निकाल उगाच चांगला येतो.

आणि तापलं तर बिघडतं काय? डिझेल पातळ होतं. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, ते पातळ झालं की झीज वाढते. युरोपच्या ईएन ५९० मानकात स्निग्धतेची मर्यादा ४० अंशांवरच दिलेली आहे, त्याच्या वर ती घसरतच जाते. फ्लॅश पॉइंटची अट ५५ अंशांच्या वर एवढीच आहे, म्हणजे टाकीतलं डिझेल तिथवर तापू देणं शहाणपणाचं नाही.

मग दुरुस्ती? आधी गळती नेमकी कुठे, ते शोधा. वाऱ्याने डिझेल मागे सरकतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे भोक असेलच असं नाही. कुलर धुऊन, पुसून, वर टाल्कम पावडर शिंपडा; ओली रेघ कुठून सुरू होते ते दिसतं. नुसत्या फिन्स वाकल्या असतील तर फारसं बिघडत नाही. बारीक भोक असेल तर दोन घटकांचं इपॉक्सी चालू शकतं, कारण रिटर्नमध्ये दाब कमी असतो. पण डिझेलचा थर किंवा ऑक्साइड राहिलं तर ते पृष्ठभागाला धरत नाही. घासून, सॉल्व्हंटने पुसून लगेच लावावं लागतं. तापल्यावर इपॉक्सी ॲल्युमिनियमपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे शेकडो वेळा गरम-गार झालं की कड सुटू शकते. वेल्डिंगचं मात्र नाव काढू नका: आत डिझेलची वाफ असते.

आम्ही शेवटी भंगारवाल्याकडून जुना कुलर आणला. बसवण्याआधी एक तोंड बंद करून, पाण्याच्या बादलीत बुडवून, सायकलच्या पंपाने हळूच हवा भरली. कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. बाहेरून अगदी नवाकोरा दिसत होता. मग दुसरा आणला, आणि तोही आधी बादलीत घातला.

गाडीत इंधनाच्या तापमानाचा सेन्सर असेल तर स्कॅनरवर आकडा दिसतो. तो आकडा पाहण्याआधी सेन्सर पुरवठ्याच्या लाइनवर आहे की रिटर्नच्या, हे तपासा. आम्ही ते तपासलं नव्हतं आणि अख्खी एक फेरी वाया गेली.