लोगोच्या कामासाठी कोरे शर्ट कुठून घ्याल?

तुर्भे, महापे, रबाळे इथे कारखाने भरपूर, म्हणून शर्टवर लोगोचं भरतकाम करून द्यायचं काम नवी मुंबईत मिळतंच. कोरा माल मात्र थेट सोलापूरहून बघा. चादरींचं हे गाव युनिफॉर्मचंही आहे! कॉलरवाले टी-शर्ट हवेत तर तिरुपूर.

कामगारांसाठी 65:35 पॉली-कॉटन बरं, रोजच्या धुण्याला टिकतं. नमुन्याचा एक शर्ट आधी धुऊन बघा. कापड आटलं की लोगोभोवती चुण्या पडतात. खिशाचंही आधीच ठरवा. शिवलेल्या खिशावर मशीन चालवलं तर खिसाच बंद होतो, पेन ठेवायचं कुठे? बिनखिशाचा घ्या, नाहीतर लोगो खिशाच्या वर.

सगळे साइज एकाच रंगलॉटचे मागा. सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला जीएसटी 5 टक्के आहे, बिल तपासून घ्या.