तीन मिनिटांची तबकडी आणि नाचणाऱ्यांची रात्र

१९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात कोलकात्यातील एका हॉटेलच्या खोलीत गौहर जान हिने ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेडरिक गेसबर्ग यांच्या कर्ण्यापुढे बसून गायन केले. तबकडी दोनतीन मिनिटांत संपत असे. मैफिलीत तासभर रंगणारा राग एवढ्या अवधीत बसवायचा, आणि शेवटी स्वतःचे नावही इंग्रजीत उच्चारायचे, असा तो प्रकार होता. मेणाचा मूळ ठसा जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई आणि तेथील कामगारांना गायिकेची ओळख पटावी म्हणून हा नामोच्चार आवश्यक असे. महाराष्ट्रातही पुढे तेच घडले. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत फुलत जाणारी बालगंधर्वांची पदे तबकडीवर मात्र तीनसाडेतीन मिनिटांत आटोपती घ्यावी लागली. तबकडी संपली की पद संपले, हा नियम कलेने घातलेला नव्हता. तो यंत्राने घातला होता.

यंत्र सुधारले तरी हा नियम सुटला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घ वादनाची मोठी तबकडी निघाली. परंतु खपाच्या गाण्यांसाठी सात इंची लहान तबकडी कायम राहिली आणि नभोवाणी केंद्रांनाही तीन मिनिटांचे गाणेच सोयीचे वाटे. हा नियम अखेर मोडला तो संगीतशास्त्र जाणणाऱ्या पंडितांनी नव्हे, तर नाचगृहांत तबकड्या वाजविणाऱ्या काही तरुणांनी. त्यांच्या या खटपटीतून ‘रीमिक्स’, म्हणजे पुनर्मिश्रण, ही कला जन्माला आली.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात वादकांचा ताफा न ठेवता केवळ तबकड्यांवर नाच चालविणारी स्थाने वाढू लागली. तेथे येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि समलिंगी तरुण मोठ्या संख्येने असत. इतरत्र त्यांना मोकळेपणाने नाचण्याची मुभा क्वचितच मिळे. डेव्हिड मॅनक्यूसो यांनी १९७० च्या फेब्रुवारीत आपल्या राहत्या जागेतच निमंत्रितांसाठी नाचाची रात्र सुरू केली. ही जागा पुढे ‘लॉफ्ट’ या नावाने प्रसिद्धी पावली. ‘सँक्चुअरी’ या नाचगृहात फ्रान्सिस ग्रासो हा तबकडीवादक दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवी. एकीवरील गाणे लोक ऐकत असताना तो कानाला श्रवणयंत्र लावून दुसरीवरील गाण्याचा ठेका जुळवून घेई आणि पहिले ओसरण्यापूर्वीच दुसरे त्यात मिसळून देई. ठेका न तुटता गाणी एकामागून एक वाहू लागली.

या संगीताचा ठेका समजून घेतला पाहिजे. आपल्या केरव्यात भरी आणि खाली असा भेद असतो. डिस्कोच्या आवर्तनात चार ठोके असतात आणि मोठ्या ढोलावर चारही सारख्याच जोराने पडतात; म्हणजे खाली जणू नाहीच. फिलाडेल्फिया येथील अर्ल यंग या ढोलवादकाने १९७३ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. शास्त्रीय कानाला ती सपाट वाटेल. तथापि नाचणाऱ्याचे पाऊल तीत कधीही चुकत नाही, आणि दोन गाण्यांचे सांधे जुळविणाऱ्याला तर ती वरदानच ठरली.

टॉम मोल्टन हा गृहस्थ वादकही नव्हता आणि तबकडीवादकही नव्हता. त्याने काही काळ तबकड्यांच्या व्यवसायात काम केले होते आणि पुढे तो जाहिरातींसाठी छायाचित्रे काढून घेत असे. न्यूयॉर्कजवळील फायर आयलंड या बेटावरील नाचगृहात त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. नाचणारे रंगात येतात नेमके तेव्हाच गाणे संपते. दुसरे सुरू होताना पावले अडखळतात आणि कित्येकजण नाचाच्या जागेवरून निघून जातात. त्याने घरी बसून, गाण्यांचे भाग ध्वनिफितीवर जोडून जोडून, पंचेचाळीस मिनिटांची अखंड फीत तयार केली. या कामी ऐंशी तास लागले, असे तो सांगत असे. पाऊण तासाच्या नाचासाठी ऐंशी तास! पण त्या काळी फीत कापायची ती दाढीच्या पात्याने आणि जोडायची ती चिकटपट्टीने, हे लक्षात घेतले म्हणजे आश्चर्य वाटत नाही.

लवकरच तबकड्यांच्या कंपन्या त्याच्याकडे येऊ लागल्या. आता त्याच्या हाती मूळ बहुपदरी ध्वनिफीत आली. हिच्यावर गायकाचा आवाज, ढोल, गिटार, व्हायोलिनांचा समूह हे सारे वेगवेगळ्या पदरांवर असतात. कोणताही पदर उचलावा, कोणताही झाकावा. रीमिक्सची खरी किल्ली येथे आहे. गाणे पुन्हा गायचे नाही, वाद्ये पुन्हा वाजवायची नाहीत. जे एकदा ध्वनिमुद्रित झाले आहे त्याचीच नव्याने मांडणी करायची.

या कामातील एक अडचण आपल्याकडील वाचकांना सहज उमजेल. १९७४ साली मोल्टनने डॉन डाउनिंग या गायकाचे ‘ड्रीम वर्ल्ड’ हे गाणे लांबवायला घेतले. गाण्याच्या उत्तरार्धात षड्ज चढविलेला होता. आरंभीचा भाग पुन्हा जोडावा तर चढलेल्या षड्जावरून एकाएकी खाली यावे लागे, आणि ते कानाला खटके. मोल्टनने मध्ये केवळ तालवाद्यांचा तुकडा घातला. सूर थांबले, ताल चालू राहिला. काही क्षणांत कान आधीचा षड्ज विसरला आणि गाणे मूळ पट्टीत परतले तरी कोणाला खटकले नाही. अडचणीतून निघालेली ही तोड नाचणाऱ्यांना इतकी भावली की सारे स्वर थांबून नुसता ताल घुमण्याचा तो भाग, ज्याला तिकडे ‘ब्रेक’ म्हणतात, डिस्को गाण्याचा गाभाच होऊन बसला.

त्याच वर्षी मोल्टनने बी. टी. एक्स्प्रेस या वाद्यवृंदाचे ‘डू इट’ हे सुमारे तीन मिनिटांचे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे केले. वाद्यवृंदाला ते मुळीच आवडले नाही. गाणे लोकप्रिय झाल्यावर मात्र दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, आपण ते तसेच लांब वाजविले होते, असे त्यांनी सांगितल्याची हकीकत मोल्टन ऐकवीत असे. १९७५ च्या आरंभी निघालेल्या ग्लोरिया गेनरच्या दीर्घ तबकडीची एक बाजू त्याने तीन गाणी सलग गुंफून सजविली. ती ऐकून, यात आपल्याला गायला फारसे उरलेलेच नाही, अशी गायिकेची तक्रार होती. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. गाण्याचा धनी कोण, गाणारा की ते नव्याने रचणारा, हा प्रश्न रीमिक्सच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशी लागला आहे.

बारा इंची तबकडीचा शोध तर निव्वळ योगायोगाने लागला. मोल्टनची गाणी तबकडीवर कोरून देणारे होजे रॉड्रिगेझ यांच्याजवळच्या सात इंची कोऱ्या तबकड्या एकदा संपल्या. उरल्या होत्या त्या मोठ्या. मोठ्या तबकडीच्या मधोमध थोडीशीच रेघ पाहून मोल्टनला ते विचित्र वाटले, म्हणून त्याने रेघा दूर दूर पसरून कोरावयास सांगितले. वाजवून पाहतात तो आवाज कितीतरी भारदस्त! याचे कारण असे : खर्जाचा स्वर जितका जोरदार, तितकी तबकडीवरील रेघ अधिक रुंद हेलकावे घेते. रेघा दाटीवाटीने असल्या तर शेजारची रेघ कापली जाऊ नये म्हणून खर्ज दाबावा लागतो. जागा ऐसपैस मिळाली की तो मोकळा सोडता येतो. नाचगृहाला हवा असतो तो हाच, छातीत घुमणारा खर्ज.

आरंभी या मोठ्या तबकड्या केवळ तबकडीवादकांना दिल्या जात. दुकानात विकली गेलेली पहिली बारा इंची एकगीत तबकडी म्हणून १९७६ साली सॅल्सूल कंपनीने काढलेल्या डबल एक्स्पोझर या गायकवृंदाच्या ‘टेन परसेंट’चे नाव घेतात. तिचे पुनर्मिश्रण केले होते वॉल्टर गिबन्स याने. गिबन्स तेव्हा बाविशीतला, अबोल आणि शिडशिडीत तरुण होता. ‘गॅलक्सी २१’ या नाचगृहात तो तबकड्या वाजवी. एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तालाचा तोच तुकडा आलटून पालटून वाजवीत राहण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. ‘टेन परसेंट’ त्याने नऊ मिनिटांच्याही पुढे नेले. पुढच्या वर्षी लोलीटा हॉलोवे हिच्या ‘हिट अँड रन’ची मूळ बहुपदरी फीतच कंपनीने त्याच्या स्वाधीन केली. गिबन्सने कडवीच्या कडवी वगळली, आणि गायिकेने अखेरीस उत्स्फूर्तपणे केलेला हुंकार, किंकाळ्या, आर्जवे हाच गाण्याचा मुख्य भाग केला. मोल्टन गाणे लांबवी. गिबन्सने ते मोडून पुन्हा घडविले. या दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद रसिकांत अजून चालतो, पण धाडस गिबन्सचे अधिक, हे मान्य करावे लागेल. १९९४ साली एड्सच्या आजाराने त्याचे अकाली निधन झाले.

येथे न्याय म्हणून हेही नमूद केले पाहिजे की मूळ फितीतून आवाज काढून घेऊन ताल उघडा करण्याची युक्ती जमैकातील किंग्स्टन येथे किंग टबी आदी तंत्रज्ञ १९७० च्या दशकाच्या आरंभीच करीत होते. न्यूयॉर्कचा मार्ग वेगळा, गरज मात्र तीच.

डिस्कोची भरभराट झाली आणि तिची चीडही तितकीच वाढली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला, दुसरा सामना होऊच शकला नाही. तेथे काम करणारे व्हिन्स लॉरेन्स यांनी पुढे सांगितले की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्याही तबकड्या होत्या. चीड केवळ ठेक्याची नव्हती, हे उघड आहे. पुढे हेच लॉरेन्स शिकागोच्या ‘हाउस’ संगीताच्या आद्य रचनाकारांत गणले गेले.

अमेरिकेत डिस्को अशी धिक्कारली जात असतानाच ती भारतात येऊन पोहोचली. १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील नाझिया हसनच्या गीताला बंगळुरूचे, पण लंडनमध्ये स्थायिक झालेले बिद्दू यांनी संगीत दिले होते. १९८२ साली बप्पी लाहिरींच्या संगीताने नटलेला ‘डिस्को डान्सर’ आला. मुंबईत कल्याणजी-आनंदजींचे बंधू बाबला यांनी चित्रपटगीतांच्या चाली डिस्कोच्या ठेक्यावर आपल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या आणि नवरात्रातील दांडियालाही तो ठेका चढविला. मात्र हे न्यूयॉर्कच्या अर्थाने रीमिक्स नव्हे. चित्रपटगीतांच्या मूळ फिती कंपन्यांच्या कोठारांत बंद असत. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कोलकात्याच्या दमदम भागात जेसोर मार्गावर होता. आजच्या न्यू टाउन या नव्या नगरीपासून तो फारसा दूर नाही. तेथून तबकड्या देशभर जात. पण मूळ फीत नाचगृहातील कोणा तरुणाच्या हाती सोपवावी, असे येथे घडले नाही. आपल्याकडे म्हणून गाणे कापले गेले नाही, ते पुन्हा वाजविले वा गायिले गेले.

कायद्यानेही याच वाटेला हातभार लावला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, नोटीस व मानधन देऊन, तेच गाणे दुसऱ्याच्या आवाजात मुद्रित करता येई. ध्वनिफितींच्या लाटेत टी-सीरीजने या तरतुदीवर आपला मोठा व्यवसाय उभा केला. पुढे या नव्याने गायिलेल्या गाण्यांनाच, खाली नवा ठेका असल्यामुळे, ‘रीमिक्स’ म्हटले जाऊ लागले. १९७२ च्या ‘समाधी’तील लता मंगेशकरांचे ‘कांटा लगा’ २००२ मध्ये अशाच रीतीने दुसऱ्या आवाजात गाजले. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली आणि तांत्रिक आवश्यकतेपलीकडे मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई केली. जुन्या गायकांना आणि संगीतकारांना या गाण्यांचा जो संताप येई, त्याचे मूळ या शब्दाच्या घोटाळ्यातही आहे. मोल्टनच्या रीमिक्समध्ये मूळ गायकाचा आवाज कमी होई, पण तो त्याचाच असे. येथे तो नाहीसाच झाला.

या काळातील दोन भारतीय तबकड्या मात्र वेगळ्या वाटेच्या आहेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन नवी जपानी विद्युत्-वाद्ये वापरून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, ललत, मालकंस, यमन असे दहा राग, खाली यंत्राचा न थकणारा ठेका, आणि प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा. तेव्हा ती फारशी खपली नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला तिची प्रत मिळाली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोत १९८७ साली गाजलेल्या ‘ॲसिड हाउस’च्या नादाची चाहूल तीत पाच वर्षे आधीच लागते, हे ऐकून युरोपातील जाणकार थक्क झाले. सत्तरी ओलांडलेले सिंग तेथे जाऊन ती वाजवूनही आले; २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

दुसरी तबकडी बंगालची. रूपा विश्वास या गायिकेने कॅनडातील कॅल्गरी येथे सरोदवादक आशीष खान यांच्या साथीने गायिलेली ‘डिस्को जॅझ’ १९८२ मध्ये कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीने काढली. तीही विस्मरणात गेली आणि २०१९ साली अमेरिकेतून पुन्हा प्रसिद्ध झाली. सरोद, गिटार आणि तालवाद्ये यांना तीत एकमेकांची वाट पाहायला भरपूर अवकाश आहे. दीर्घ वादनाच्या त्या अख्ख्या तबकडीवर रचना आहेत चारच.