बदकं माशांवरून चालतात त्या गावी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लाइन्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पायमाट्यूनिंग तलावाच्या सांडव्याच्या कठड्यावरून पावाचा तुकडा खाली टाकला, की पाणी दिसेनासं होतं. दिसतात ती कार्प माशांची वासलेली तोंडं, एकमेकांवर चढलेली, बुळबुळीत, अधाशी. मग एखादं बदक त्या पाठींवरून तुरुतुरु येतं आणि तुकडा पळवतं. ‘बदकं माशांवरून चालतात ती जागा’ हीच या गावाची ओळख. आपल्याकडे महाडजवळच्या वाळण कोंडीत माशांना कुरमुरे घालतात, पण तिथे श्रद्धा असते. इथे निव्वळ मौज.

हा तलाव मौजेसाठी मात्र बांधलेला नाही. इथे पूर्वी हजारो एकरांची दलदल होती. काही ठिकाणी ती निचरून काळ्या मातीत कांदा पिकवायचे. दलदलीतून निघणारी शेनँगो नदी वसंतात काठ सोडून वाहायची आणि उन्हाळ्यात आटायची. खालच्या अंगाला शॅरन, न्यू कॅसल इथले पोलाद कारखाने. त्यांना बारमाही पाणी हवं. 1913च्या मार्चमध्ये महापुरानं हाहाकार केला आणि त्याच वर्षी विधिमंडळानं धरणासाठी एक लाख डॉलर मंजूर केले. एवढ्या पैशात जमीनसुद्धा पुरती घेऊन होईना. काम रखडलं ते 1931पर्यंत. ऐन महामंदीत गव्हर्नर गिफर्ड पिंचॉट यांनी पंधरा लाख डॉलरची तरतूद करवली, बेकारांच्या हाताला काम मिळालं आणि 1934मध्ये धरण उभं राहिलं. वसंतातलं पाणी अडवायचं, कोरड्या दिवसांत बेताबेतानं सोडायचं, एवढंच त्याचं काम.

सुमारे 17 हजार एकरांचा हा तलाव पेनसिल्व्हेनियातला सर्वांत मोठा. त्याचा पश्चिमेकडचा भाग ओहायोत जातो, म्हणून दोन्ही राज्यांची स्वतंत्र उद्यानं. तंबू, केबिन, पोहण्याचे किनारे, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासेमारी, असं सगळं आहे. मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो बोटींचा नियम: इंजिन 20 अश्वशक्तीपेक्षा मोठं नको. त्यामुळे पाणी घुसळत सुसाट सुटणारे वीर इथे फिरकतच नाहीत, आणि वॉलाय माशासाठी गळ टाकून बसलेल्यांना निवांतपणा मिळतो.

सांडव्याच्या वरचा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे. तिथे बोटींना मज्जाव. 1980च्या सुमारास अख्ख्या राज्यात बाल्ड ईगलची जेमतेम तीन घरटी उरली होती, तीही हा तलाव आहे त्याच क्रॉफर्ड काउंटीत. पुढे 1983पासून कॅनडाच्या सस्कॅचवानमधून पिल्लं आणून राज्यात वाढवली गेली, आणि आज घरट्यांची संख्या शेकड्यांत आहे. पण गाड्या थांबतात त्या कार्पपाशीच. कार्प मुळात अमेरिकेचा नव्हेच; एकोणिसाव्या शतकात तो बाहेरून आणून सोडलेला. आता मात्र तलावाच्या पोस्टकार्डावर तोच मिरवतो.