व्यायामाचा शिक्षक कसा निवडावा?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. घरच्या गोष्टी चारचौघांत सांगण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु त्या प्रसंगांत मोठी चूक आमचीच होती, आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरीं होऊं नये एवढ्यासाठीं ती येथें लिहीत आहों.

आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें काम करतो. वय अठ्ठावीस. आठवडाभर रात्रपाळी, मग आठवडाभर दिवसपाळी. जेवणाला वेळ नाहीं, झोंपेला नेम नाहीं. अंग सुटूं लागलें, तेव्हां घरांतील सर्वांनीं त्याच्या पाठीस लागून त्यास काळेवाडींतील एका व्यायामशाळेंत, म्हणजे हल्लींच्या भाषेंत 'जिम'मध्यें, घालावयाचें ठरविलें. वडीलकीच्या नात्यानें चौकशीस आम्ही स्वतः गेलों. तेथील शिक्षकाचे दंड पिळदार, छाती भरदार आणि बोलणें आर्जवी. वर्षाची फी एकदम भरल्यास निम्मी सूट, असें त्यांनीं सांगतांच आम्हींच खिशांत हात घातला. आम्हीं त्यांस एकहि प्रश्न विचारला नाहीं, आणि त्यांनींहि पुतण्यास त्याच्या प्रकृतीविषयीं एकहि प्रश्न विचारला नाहीं.

पहिल्याच दिवशीं खांद्यावर वजन देऊन त्याच्याकडून बैठका काढून घेतल्या. पाय थरथरूं लागले तरी 'दुखल्याखेरीज अंग धरत नाहीं' असें म्हणून आणखी काढविल्या. तिसऱ्या दिवशीं त्याच्या मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, जिना उतरवेना, आणि लघवी चहाच्या पाण्यासारखी काळसर होऊं लागली. दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, सवय नसतां एकाएकीं अतिश्रम केले म्हणजे स्नायूंचे तंतु फुटतात, त्यांतील द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडांत जातें, आणि उपचारास उशीर झाला तर मूत्रपिंडें निकामी होण्याचा संभव असतो. शिरेवाटे द्रव देऊन पांच दिवसांनीं मुलगा घरीं आला. या सर्व दिवसांत त्याच्या आईनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. तिचें तें न बोलणेंच आम्हांस अधिक लागलें. पस्तीस वर्षें आम्हीं परक्यांच्या मुलांच्या परीक्षा घेतल्या. आणि ज्याच्या हातीं घरचा मुलगा दिला, त्याची मात्र परीक्षा घेतली नाहीं!

पूर्वीच्या तालमींत ही परीक्षा निराळी घ्यावी लागत नसे. वस्ताद गांवचाच असे. त्याचें वागणें कसें, त्यानें किती पोरें तयार केलीं, कोणाचा हात मोडला आणि कोणाचा सुधारला, हें सर्वांस ठाऊक असे. तालमींतून पोर लंगडत घरीं आलें, तर संध्याकाळीं पारावर वस्तादास जाब द्यावा लागे. आमची काळेवाडी हीहि एके काळीं पवनेच्या कांठची लहानशी वाडीच. १९५४ सालीं पलीकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मागोमाग इतर कारखाने आले, १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढें चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. आज एका जिन्यावर चार जिल्ह्यांचीं बिऱ्हाडें नांदतात. शेजारी कोण, हेंच जेथें ठाऊक नाहीं, तेथें व्यायामशिक्षकाची पारख कोण करणार? जें काम पूर्वीं गांव करीत असे, तें आतां घरानेंच केलें पाहिजे.

व्यायाम शिकविणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, हें महाराष्ट्रानें फार पूर्वीं ओळखलें होतें. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्याच मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ जगास दाखविले. पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ काढलें. त्याच वर्षीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, तें प्रयोगशाळेंत मोजण्यास आरंभ केला. पुढें १९६१ सालीं पतियाळास क्रीडाशिक्षक तयार करणारी राष्ट्रीय संस्था निघाली. या सर्वांचें तात्पर्य एकच: स्वतःचें शरीर कमावणें निराळें आणि दुसऱ्याचें घडविणें निराळें. पिळदार दंड हें पहिल्याचें प्रमाणपत्र आहे, दुसऱ्याचें नव्हे. आम्ही चुकलों तें नेमकें येथेंच.

मग परीक्षा कशी घ्यावी? पुतण्या अंथरुणावर असतां आम्हीं चरकसंहिता पुन्हा उघडली. उत्तम वैद्याचे चार गुण तेथें सांगितले आहेत: शास्त्राचें निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्म पुष्कळ वेळां पाहिलेलें असणें, दक्षता, आणि शुचिता. तसेंच वैद्याचा वेष घेऊन हिंडणारे भोंदू, आणि दुसऱ्याच्या कीर्तीवर पोट भरणारे नामधारी, असे दोन प्रकारहि त्यांत वेगळे काढून दाखविले आहेत. वैद्यास लावलेली ही कसोटी व्यायामशिक्षकास जशीच्या तशी लागू पडते.

पहिला गुण ज्ञान. आपण कोठें शिकलां, किती काळ शिकलां, हें विचारण्यांत संकोच मुळींच नसावा. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा नांवाजलेल्या संस्थेची पदविका एक गोष्ट, आणि दोन दिवसांच्या वर्गाचें सोनेरी चौकटींतील प्रमाणपत्र दुसरी. कागदापेक्षांहि उत्तर पाहावें. 'माझी कंबर दुखते, तर कोणते प्रकार वगळाल?' असें विचारतांच जो 'कांहीं होत नाहीं हो' म्हणतो, त्याच्याकडून उठून यावें. कोणी एकाएकीं कोसळला तर छाती दाबून श्वास देण्याची क्रिया येते काय, हेंहि विचारावें.

दुसरा गुण अनुभव. येथें भिंतीवरील 'पूर्वीं' आणि 'नंतर' अशा जोडचित्रांवर भुलूं नये. तीन महिन्यांत झिजलेला मनुष्य चौथ्या महिन्यांत कोठें होता, हें चित्रांत दिसत नाहीं. आपल्याच वयाचा, आपल्याचसारख्या प्रकृतीचा, आणि दोन वर्षें टिकून राहिलेला एखादा शिष्य दाखवा, असें म्हणावें. शिष्य टिकणें हीच शिक्षकाची खरी साक्ष.

तिसरा गुण दक्षता. ती विचारून कळत नाहीं, पाहून कळते. फी भरण्यापूर्वीं तासभर कोपऱ्यांत बसण्याची परवानगी मागावी. शिक्षकाची नजर शिष्याच्या पाठीकडे आहे कीं हातांतील मोबाईलकडे? वांकलेली पाठ तो सरळ करवितो काय? नव्या मनुष्यास तो झोंप, रक्तदाब, मधुमेह, चालू औषधें, जुनें दुखणें, कामाची पाळी यांविषयीं विचारतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तो कोणास थांबवितो काय? ओढून नेणारे पुष्कळ भेटतात. जो वेळेवर 'आज पुरे' म्हणतो, त्याच्या हातीं मुलगा निर्धास्त द्यावा.

चौथा गुण शुचिता; ती पैशांत हवी आणि वागण्यांतहि. वर्षाची फी एकदम मागणाऱ्यास, पहिले तीन महिने महिन्यामहिन्यानें देऊं, असें सांगावें. शिकविणाराच भुकटीचे डबे विकत असेल, तर त्याचा सल्ला कोठें संपतो आणि व्यापार कोठें सुरू होतो, हें कळणें कठीण. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांस अंडीं, यांवर सामान्य मनुष्याचें भागतें. डबा घ्यावयाचाच, तर त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी परवाना पाहून घ्यावा. आणि कोणी झटपट अंग भरण्यासाठीं सुई किंवा गोळ्या पुढें करील, तर त्याची पायरी पुन्हा चढूं नये. तसल्या औषधांनीं यकृत, हृदय आणि पुरुषाची प्रजननशक्ति यांस अपाय होतो. आमच्या सूनबाईंनीं यांत एक भर घातली, ती योग्यच आहे: स्त्रियांस शिकवितांना शिक्षक हात लावण्यापूर्वीं विचारतो काय, आणि नको म्हटल्यास तोंडानें सांगून शिकवूं शकतो काय, हें अवश्य पाहावें.

परंतु शिक्षक उत्तम मिळाला तरी अभ्यास आपणच करावयाचा असतो. येथेंहि प्राचीनांनीं एक मार्मिक गोष्ट सांगून ठेविली आहे. चरकाच्या सूत्रस्थानांत ज्या सातव्या अध्यायांत व्यायामाचा विचार आहे, त्याच अध्यायांत थोड्या अंतरावर संवयी बदलण्याचा क्रम दिला आहे. अहितकर संवय एकदम सोडूं नये आणि हितकर संवय एकदम लावूं नये. पावलापावलानें, चतुर्थांशाच्या मानानें, दोन्ही गोष्टी कराव्या, असा त्याचा आशय. व्यायाम किती करावा, याविषयीं वाग्भटानें आपल्या शक्तीच्या अर्ध्याची मर्यादा घातली आहे, आणि अतिव्यायाम करणाऱ्यास हत्ती ओढूं पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पुतण्याच्या उशाशीं बसून ती उपमा वाचतांना आमच्या मनाची काय अवस्था झाली असेल, तें वाचकांनींच जाणावें.

आधुनिक शास्त्र याहून फारसें निराळें सांगत नाहीं. लंडनच्या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, नवी संवय अंगवळणीं पडण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागतात. कोणास अठराच लागतात, कोणास आठ महिन्यांवर. मध्यें एखादा दिवस चुकल्यानें विशेष बिघडत नाहीं. म्हणून एक दिवस राहिला तर हळहळूं नये. दुसऱ्या दिवशीं मात्र चुकूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. पासष्टीपुढील मंडळींस तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यांतून तीन दिवस सांगितला आहे. मध्यम म्हणजे काय? बोलतां येतें पण गातां येत नाहीं, इतपत दम लागणें. १५० मिनिटें म्हणजे पांच दिवस अर्धा तास. एवढा वेळ कोणत्या घरांत नाहीं?

एकत्र कुटुंबास यांत एक मोठी सोय आहे. एकट्याचा नेम आळसानें मोडतो. दहाजणांत एकाचा आळस दुसरा मोडतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले, आणि १९३८ सालीं इंग्रजींत पुस्तक काढून ते विलायतेसहि कळविले. या व्यायामास एका सतरंजीएवढी जागा पुरते, खर्च कांहींच नाहीं. आमच्या गच्चीवर आतां सकाळीं तीन पिढ्या असतात. मुलें नमस्कार घालतात, मधली पिढी डॉक्टरांच्या सल्ल्यानें घालते, आणि आम्ही भिंतीस हात टेकून एका पायावर उभें राहण्याचा सराव करतों. नातवंडें हंसतात, हंसोत.

पुतण्याचें काय झालें, तें सांगून लेख पुरा करतों. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर आम्ही दुसऱ्या शिक्षकाकडे गेलों. या खेपेस प्रश्नांचा कागद बरोबर होता. त्या तरुण गृहस्थानें सर्व प्रश्नांचीं उत्तरें शांतपणें दिलीं, दवाखान्याचे कागद मागून घेऊन वाचले, आणि पाळी बदलते म्हणून घड्याळाची वेळ न ठरवितां, कारखान्याच्या बसमधून उतरल्यावर घरीं न जातां थेट इकडे यावयाचें, रात्रपाळीच्या आठवड्यांत मात्र झोंप पुरी करून मग यावयाचें, असा नेम घालून दिला. पहिल्या दिवशीं वीस मिनिटांतच त्यानें मुलास घरीं पाठविलें. पुतण्या कुरकुरत आला, 'काका, याने तर काहीच करून घेतलं नाही!'

आम्हीं त्याच्या आईकडे पाहिलें. कित्येक दिवसांनीं ती हंसली.